नवीकरणाची प्रार्थना आणि सेवकाचे ओझे

मंडळ्यांच्या प्रार्थनासभांतून अलीकडे एक विनंती वारंवार ऐकू येते. तरुणांमध्ये सेवा करणारे सेवक थकून गेले आहेत, काहींची उमेद हरपली आहे, काही सेवा सोडून दुसरीकडे गेले आहेत. तेव्हा प्रभूने त्यांना नवे सामर्थ्य द्यावे, अशी ती विनंती असते. बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या सीमाभागातील मंडळ्याही तिला अपवाद नाहीत. ही विनंती कळकळीची असते याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कळकळ असली म्हणजे प्रार्थना यथार्थ झालीच, असे म्हणता येत नाही. प्रार्थना कशी करावी हे शिष्यांनाही प्रभूपाशी विचारून घ्यावे लागले होते.

प्रस्तुत लेखात या विनंतीचीच चिकित्सा करावयाची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या ओझ्याखाली सेवक वाकला ते ओझे जसेच्या तसे ठेवून त्याच्यासाठी केवळ अधिक सामर्थ्य मागणे ही अपुरी प्रार्थना होय. थकलेल्या सेवकाला सन्मानाने विसावा देण्याची आणि प्रसंगी सन्मानाने माघारी घेण्याची वाट मंडळीने तयार केली पाहिजे. त्याशिवाय नवीकरणाची प्रार्थना मध्यस्थी न राहता सेवकाकडे केलेली आणखी एक मागणी ठरते.

शब्दाचा अर्थ

प्रथम रोगाचे नाव नीट घेतले पाहिजे. ज्या अवस्थेला मानसशास्त्रात 'बर्नआउट' म्हणतात, तिचे वर्णन १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी केले. विशेष हे की, ते वर्णन कारखान्यातील मजुरांवरून सुचलेले नव्हते. मोफत दवाखान्यांत मन लावून, बहुधा विनावेतन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये त्यांना ही अवस्था आढळली होती. पुढे क्रिस्तिना मास्लाक यांनी तिची तीन लक्षणे मांडली : शक्ती पार आटून जाणे, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयीच मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काहीच साधत नाही अशी भावना दृढ होणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद आहे. मात्र तेथे तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी अवस्था, अशी तिची व्याख्या केली आहे. म्हणजे ही अवस्था केवळ कामकऱ्याच्या मनात शोधावयाची नसून त्याच्या कामाच्या रचनेतही शोधावयाची आहे. आम्ही या लेखात तिच्यासाठी 'क्लांती' हा शब्द योजणार आहोत.

मंडळीच्या परंपरेला याच्या जवळची एक दुसरी अवस्था फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चौथ्या शतकात मिसर देशाच्या अरण्यात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने 'अकेदिया' म्हणजे आध्यात्मिक उदासीनतेचे सूक्ष्म वर्णन केले आहे. भर दुपारी साधूला ती गाठते, सूर्य जणू हलत नाही असे त्याला वाटू लागते, आपली खोली नकोशी होते, आणि दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी देवाची सेवा अधिक चांगली होईल असा भास होतो. त्यावर त्याने सांगितलेला उपाय म्हणजे आपल्या जागी टिकून राहणे.

या दोन अवस्थांत गल्लत झाली की औषध उलटे पडते. उदासीन मनाला टिकून राहण्याचा उपदेश हितकारक असेल. परंतु ज्याचे तेल खरोखरच संपले आहे त्याला तोच उपदेश मारक ठरतो. सीमाभागातील असो वा अन्यत्रची असो, पुष्कळशी जागृतिपर प्रवचने या दोहोंत भेद करीत नाहीत. 'तुझी पहिली प्रीती तू सोडलीस' या आशयाचा आरोप वर्षभर पुरेशी झोपही न मिळालेल्या सेवकावर केला जातो. तोही तो मान्य करतो, कारण क्लांतीचे एक लक्षण आपल्याविषयी वाईट ते खरे मानणे हेच आहे. मग तो पश्चात्ताप करतो, उपवास करतो, आणखी एक जबाबदारी पत्करतो, आणि सहा महिन्यांनी पूर्वीपेक्षा खोल गर्तेत सापडतो.

सीमाभागातील सेवेचे स्वरूप

बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले, तेव्हापासून या प्रदेशातील प्रॉटेस्टंट सेवा एका भाषेत कधीच सामावलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हे क्षेत्र अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले. रोमन कॅथलिक मंडळीत बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. मराठी, कन्नड, कोंकणी आणि इंग्रजी या भाषा येथे एकाच रविवारी, कधी कधी एकाच छताखाली ऐकू येतात. निपाणीची स्थिती आणखी निराळी आहे. कारभाराच्या दृष्टीने ते गाव बेळगाव जिल्ह्यात आहे, परंतु तेथून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, तर कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. नातीगोती, बाजार, इस्पितळ यांचा ओढा कोल्हापूरकडे, आणि सरकारी कागद कन्नडमध्ये.

अशा ठिकाणी तरुणांचा सेवक म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडून काय अपेक्षिले जाते, ते पाहावे. त्याने गीते मराठीत शिकवावीत. परंतु कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या ज्या मुलांना देवनागरी बायबल अडखळत वाचावे लागते, त्यांच्यासाठी अभ्यासाची तयारी निराळी करावी. बेळगावच्या वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत वा हिंदीत सभा घ्यावी. उन्हाळ्यात सुट्टीतील बायबल शाळा, पावसाळ्यात शिबिराची वर्गणी, डिसेंबरात नाताळचे नाटक आणि घरोघरची गीते, मार्चमध्ये परीक्षेला बसणाऱ्यांसाठी प्रार्थना, हे सर्व त्याचेच. ध्वनिक्षेपक बिघडला तर तो दुरुस्त करणारा तोच, पाळकसाहेबांना गाडीवरून नेणाराही तोच, आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर आलेल्या निरोपाला उत्तर देणाराही तोच. मानधन मात्र बहुधा अर्ध्या वेळच्या कामाचे.

याखेरीज सीमाभागाचे असे एक ओझे आहे, जे कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. १ नोव्हेंबर हा दिवस बेळगावात एका बाजूने राज्योत्सव म्हणून, तर दुसऱ्या बाजूने १९५६च्या राज्यपुनर्रचनेच्या निषेधार्थ काळा दिवस म्हणून पाळला जातो. ज्या तरुणसंघात दोन्ही बाजूंच्या घरांतील मुले आहेत, त्या संघात त्या आठवड्यात बोलावयाचे काय आणि मौन पाळावयाचे कोठे, हे ठरविणे सेवकाच्या माथी येते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तणाव वाढून दोन राज्यांमधील बससेवा विस्कळीत झाली. अशा वेळी तरुणांमध्ये समेटाचे काम करणारा सेवक दोन्हींकडून संशयाने पाहिला जातो. हे श्रम कोणत्याही वार्षिक अहवालात येत नाहीत. आणि मनुष्याला खचविण्यात न मोजलेल्या श्रमांचा वाटा मोठा असतो.

कोल्हापूरचे एक घराणे

हे ओझे निव्वळ परिस्थितीमुळे आलेले नाही. त्यामागे सेवकाविषयीची एक प्रतिमा उभी आहे. ती प्रतिमा घडविण्यात निपाणीपासून तासाभराच्या अंतरावरील कोल्हापूरचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट थोड्यांच्या ध्यानात असते.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आले आणि त्यांनी तेथे मिशनकार्याचा पाया घातला. त्यांची कन्या ग्रेस आणि १८६३ मध्ये जन्मलेला पुत्र रॉबर्ट ही दोघे कोल्हापुरातच जन्मली. पुढे कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. तेथे वडिलांच्या घरी विद्यार्थ्यांच्या सभा भरत, आणि ही बहीणभावंडे महाविद्यालयीन तरुणांतून परदेशी सेवेसाठी स्वयंसेवक निघावेत म्हणून एकत्र प्रार्थना करीत. १८८६च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे ड्वाइट मूडी यांच्या आश्रयाखाली सुमारे २५० विद्यार्थी जमले. परिषद संपली तेव्हा त्यांपैकी १०० जणांनी मिशनसेवेसाठी आपली नावे दिली होती. रॉबर्टने त्यानंतरच्या वर्षात जॉन फोर्मन या सोबत्यासह दीडशेहून अधिक महाविद्यालये व सेमिनऱ्या पालथ्या घातल्या, आणि दोन हजारांहून अधिक तरुणांनी नावे दिली. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' ही चळवळ उभी राहिली. तिच्या द्वारे पुढील काही दशकांत सुमारे २०,००० तरुण परदेशी सेवेस गेले. 'याच पिढीत सर्व जगाला सुवार्ता' हे तिचे घोषवाक्य होते.

ही कथा युवा-शिबिरांतून आजही सांगितली जाते, आणि सांगितलीही जावी. दोन भावंडांच्या प्रार्थनेतून एवढे घडले, हे स्मरण ठेवण्याजोगेच आहे. आमचा आक्षेप ती जेथे संपविली जाते त्या ठिकाणाला आहे. रॉबर्ट वाइल्डर १८९२ मध्ये भारतात आले आणि येथील विद्यार्थ्यांमध्ये कार्य करू लागले. मध्यंतरी चळवळीच्या कामासाठी ते अमेरिकेत गेले, पुन्हा परतले, आणि १९०२ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना भारत सोडावा लागला. त्यांच्या आजाराला आजच्या काळातील नाव देणे योग्य होणार नाही. परंतु ज्या पुरुषाने सहस्रावधी तरुणांना परदेशी पाठविले, त्याला आपल्या जन्मभूमीतील सेवा शरीर साथ देईना म्हणून सोडावी लागली, ही घटना प्रवचनांतून वगळली जाते. शंभर नावांची कथा उरते आणि आजारपणाचे वर्ष गळून पडते.

घोषवाक्यातील घाईवर त्या काळीही टीका झाली होती. जर्मन मिशनशास्त्रज्ञ गुस्ताव वार्नेक यांना त्यात उतावळेपणा दिसला. जॉन मॉट यांनी १९०० साली त्याच विषयावर पुस्तक लिहून खुलासा केला की, वरवरचा किंवा घाईचा प्रचार त्यात अभिप्रेत नाही; प्रत्येक पिढीवर आपल्या काळातील लोकांविषयीचे उत्तरदायित्व असते एवढाच त्याचा अर्थ. हा खुलासा आम्हांला प्रामाणिक वाटतो. परंतु घोषवाक्याची गती त्याच्या खुलाशाहून अधिक असते. तरुणाच्या कानी 'याच पिढीत' हे शब्द पडतात. खुलासा ग्रंथालयात राहतो. पुढे काळ बदलला, चळवळ ओसरली. तरी आपण थांबलो तर आत्मे नाश पावतील आणि त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, ही भावना मात्र तरुणांच्या सेवेत वारसा म्हणून उरली.

वाइल्डर यांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले तर निराळाच बोध होतो. भारत सोडल्यानंतर ते संपले नाहीत. युरोपात विश्रांती घेऊन ते ब्रिटनमधील व युरोपातील विद्यार्थ्यांमध्ये कार्य करू लागले, १९१९ पासून काही वर्षे त्यांनी आपल्याच चळवळीचे सरचिटणीसपद सांभाळले, नंतर कैरो येथून पश्चिम आशियातील मंडळ्यांच्या ऐक्याचे कार्य केले, आणि १९३३ मध्ये निवृत्त होऊन १९३८ मध्ये नॉर्वेत देह ठेवला. भारतातून निघाल्यानंतर तीस वर्षे त्यांनी सेवा केली. जागा बदलली, कामाचे स्वरूप बदलले, मध्ये विसावा मिळाला, म्हणून ही तीस वर्षे शक्य झाली. माउंट हर्मनच्या कथेइतकीच ही कथाही शिबिरांत सांगितली गेली पाहिजे.

टिळकांचे घर

आपल्या मराठी मंडळीतही याच प्रश्नावर प्रकाश टाकणारे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. १९१९च्या मे महिन्यात ते निवर्तले. दरबाराकडे सामान्यतः त्यागाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. त्याची दुसरी बाजूही आहे. टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात जुनी चाकरी अधिक जोमाने करण्याचे बळ मागितले नाही; त्यांनी सेवेचे स्वरूपच बदलले. नवीकरण म्हणजे जुन्या गाड्याला नवा बैल जुंपणे नव्हे, हे त्यातून दिसते. प्रत्येक सेवकाने वेतन सोडावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याचे मानधन आधीच अपुरे आहे त्याला असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल.

या उदाहरणाचा उत्तरार्ध लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात सापडतो. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी साहित्यात मान्यता पावला आहे. परंतु सेवकाच्या घराची साक्ष म्हणून तो सेमिनरीत फारसा वाचला जात नाही. टिळकांची उदारता, त्यांचा शीघ्रकोप, त्यांची अस्वस्थ भ्रमंती आणि या सर्वांत संसाराची तोंडमिळवणी करणारी गृहिणी, हे सारे तेथे कटुतेवाचून आणि विनोदबुद्धीने आलेले आहे. बाहेर ज्याला समर्पण म्हणतात त्याची किंमत घरात कोण मोजते, हा प्रश्न त्या ग्रंथातील पानापानांतून उभा राहतो. तरुणांच्या सेवकासाठी प्रार्थना करताना त्याच्या पत्नीचे, मुलांचे किंवा वृद्ध आईवडिलांचे नाव किती वेळा घेतले जाते, याचा विचार प्रत्येक पाळकाने करावा. सेविका जर स्त्री असेल, तर तिच्याकडून घरकाम आणि सेवा या दोहोंची पूर्ण अपेक्षा केली जाते, हेही येथे सांगितले पाहिजे.

पवित्र शास्त्राची साक्ष

क्लांत सेवकांसाठी प्रार्थना करताना यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचा शेवट हटकून वाचला जातो. गरुडाप्रमाणे पंख पसरून वर चढण्याचे ते वचन आहे. परंतु त्या वचनातील क्रम पाहावा. प्रथम उडणे, मग धावणे आणि सर्वांत शेवटी चालणे. बाबेलच्या बंदिवासात पिढी घालविलेल्या लोकांना, न थकता पावलापुढे पाऊल टाकीत घरी परतता येईल, असे संदेष्टा सांगत आहे. हे वचन एका समुदायाला दिलेले आहे. एकट्या सेवकाला शिबिराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाण करावयास लावण्यासाठी दिलेले नाही. पंखांपाशी थांबणारे प्रवचन मूळ वचन अर्धेच वाचते.

एलीयाची कथा याहून स्पष्ट आहे. कर्मेलवरील विजयानंतर ईजबेलेच्या धमकीने तो पळाला, बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले, आणि एकटाच रानात जाऊन एका झुडपाखाली मरण मागू लागला. परमेश्वराने त्याची झडती घेतली नाही. प्रथम झोप, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. आणि नंतर प्रवास. होरेब येथे प्रश्नोत्तर झाले ते यानंतर. तेथे त्याला तीन कामे सांगण्यात आली : हजाएल, येहू आणि अलीशा या तिघांना अभिषेक करणे. या तिघांपैकी एलीयाने स्वतः गाठले ते केवळ अलीशाला. हजाएल व येहू यांच्याविषयीची आज्ञा अलीशाच्या काळात पुरी झाली, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकावरून दिसते. तरीही एलीयाला काम अपुरे टाकल्याचा दोष कोठेच दिलेला नाही. परमेश्वराने त्याला उत्तराधिकारी दिला, आणि बआलपुढे गुडघे न टेकलेल्या सात हजारांचे अस्तित्व त्याच्या ध्यानात आणून दिले. 'मी एकटाच उरलो' या त्याच्या समजुतीवर हे उत्तर होते.

मोशेच्या बाबतीतही असेच घडले. गणनेच्या अकराव्या अध्यायात लोकांचे ओझे असह्य होऊन तो मरण मागतो. त्याच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून त्याला सत्तर वडील मिळाले, आणि त्याच्यावरील आत्म्यातून त्यांनाही वाटा देण्यात आला. या दोन्ही ठिकाणी थकलेल्या सेवकाच्या प्रार्थनेचे उत्तर माणसांच्या रूपाने आले आहे. नवीकरणाची विनंती करणाऱ्या मंडळीने हे ओळखावे की, त्या विनंतीचे उत्तर होण्यासाठी देव तिलाच बोलावीत असेल.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल की, प्रभूने शिष्यांना वधस्तंभ उचलावयास सांगितले, पौलाने तर मार, उपास, जागरणे व जहाजफुटी यांची यादीच दिली आहे; मग विश्रांतीची भाषा ही सुखासीन काळाची भाषा नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. सेवेत दुःख आहे, आणि ते टाळण्याचा मार्ग आम्ही सुचवीत नाही. परंतु वधस्तंभ आणि ढिसाळ व्यवस्थेमुळे आलेले ओझे या दोन गोष्टी एक नव्हेत. ध्वनिक्षेपक उचलण्यास दुसरा कोणी पुढे येत नाही, हा काही ख्रिस्ताचा वधस्तंभ नव्हे.

पौल स्वतः आपल्या सहकाऱ्यांच्या थकव्याकडे कसे पाहत असे, हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. फिलिप्पैच्या मंडळीने बंदिवान पौलाकडे देणगी घेऊन एपफ्रदीताला पाठविले होते. तेथे सेवा करता करता तो मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. त्याला घरची ओढ लागली, आणि आपल्या आजाराचे वर्तमान घरी कळले म्हणून तो अस्वस्थ झाला. पौलाला त्याची गरज होती. तरी त्याने त्याला माघारी पाठविले. आणि केवळ पाठविले नाही, तर त्याचे आनंदाने स्वागत करा व अशा माणसांचा मान राखा, असे मंडळीला लिहून कळविले. नेमलेले काम पुरे न करता परतणाऱ्या मनुष्याविषयी लोक काय बोलतील, हे त्या अनुभवी प्रेषिताने जाणले होते. म्हणून त्याच्या परतण्याला त्याने आपल्या शब्दाची ढाल दिली.

आपल्या मंडळ्यांत नेमकी हीच वाट नाही. तरुणांची सेवा थांबविणाऱ्याविषयी 'तो मागे हटला', 'नांगराला हात घालून मागे पाहिले' असे बोलले जाते. म्हणून सेवक तोल पूर्ण जाईपर्यंत थांबत नाही, आणि थांबतो तेव्हा मंडळीतूनच नाहीसा होतो. दोन वर्षे विसावा घेऊन रविवारी मागच्या बाकावर बसणारा, आणि तरीही सन्मानित असलेला सेवक कितीशा मंडळ्यांत दिसतो? एपफ्रदीतासारख्या परतीची सोय असती, तर ज्यांना आपण गमावले त्यांपैकी कितीतरी जण आज दुसऱ्या एखाद्या सेवेत असते.

प्रार्थनेचे रूप

तर मग प्रार्थना कशी असावी? आमच्या मते तिच्यात चार मागण्या असाव्यात, आणि प्रत्येक मागणीबरोबर मंडळीचे एक कृत्य असावे.

पहिली मागणी सत्यासाठी. सेवक काय काय करतो याची यादी वडीलमंडळाने त्याच्यासमवेत बसून करावी, आणि त्यातील कोणते काम त्याच्या पाचारणाचे व कोणते केवळ सवयीने त्याच्याकडे आले, हे ठरवून मग प्रार्थना करावी. सीमाभागात भाषांतराचे व समेटाचे श्रम या यादीत अवश्य लिहावेत.

दुसरी मागणी सोबत्यांसाठी. प्रभूने शिष्यांना दोघेदोघे पाठविले. एकट्याची नेमणूक ही काटकसर असेल, शास्त्रसंमत पद्धत नव्हे. निपाणी व कोल्हापूर, किंवा बेळगाव व खानापूर, अशा शेजारच्या मंडळ्यांना मिळून दोन सेवक ठेवता येतील. राज्याची किंवा संप्रदायाची सीमा त्याआड येऊ नये.

तिसरी मागणी विसाव्यासाठी. पाळकाला रविवार कामाचा असतो, हे सर्वांना समजते. तरुणांच्या सेवकाला शनिवार, रविवार आणि आठवड्याची प्रत्येक संध्याकाळ कामाची असते, हे ध्यानात येत नाही. आठवड्यातील एक दिवस त्याचा मोबाइल वडीलमंडळातील कोणी सांभाळावा. झोप उडणे, अकारण रडू येणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे दिसली, तर विलंब न लावता डॉक्टरकडे नेण्यात कोणी कमीपणा मानू नये. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तेथे मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. एलीयाला भाकर देणारा दूत देवाकडूनच आला होता. औषध देणारा हातही देवाकडून येऊ शकतो.

चौथी मागणी सन्मानाने परत येण्यासाठी. नेमणूक करतानाच तिची मुदत ठरवावी, आणि मुदतीच्या अखेरीस जाहीर उपासनेत त्याचे उपकार मानून त्याला मोकळे करावे. जो मुदतीपूर्वी आजारी पडून परत येतो, त्याचे स्वागतही तसेच जाहीरपणे व्हावे. मंडळीपुढे पाळकाने काढलेले चार शब्द त्या घरावरील पुष्कळ वर्षांचा कलंक दूर करू शकतात.

या चार मागण्या केल्या म्हणजे सामर्थ्याची जुनी विनंती सोडून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. सामर्थ्य देवाचेच आहे आणि ते त्याच्यापाशीच मागावयाचे आहे. परंतु एकमेकांची ओझी वाहावीत असे पौलाने गलतीकरांस लिहिले, तेव्हा त्याने ते केवळ देवावर सोपविले नव्हते. येत्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत तरुणांच्या सेवकाचे नाव निघेल, तेव्हा पाळकबंधूंनी आणि धर्मशिक्षकांनी सभेला आधी एवढेच विचारावे की, त्याच्या कामांपैकी कोणते काम आजपासून कोण घेणार? कोणी हात वर करीपर्यंत थोडा वेळ शांततेत जाऊ द्यावा, आणि मग प्रार्थना करावी. प्रभू आपल्या मंडळीला ते धैर्य देवो, आणि आपल्या थकलेल्या सेवकांना विसावा देवो.